क्रूझच्या केबिनमध्ये सासूबाई कुठे झोपणार?

प्रश्न: आम्ही खानापूरचे. घरात चौघं: मी, हे, चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचं वय अडुसष्ट, गुडघे दुखतात, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. दसऱ्याच्या सुट्टीत मुंबईहून गोव्याला जाऊन येणाऱ्या क्रूझवर जायचं चाललंय. बेळगावच्या एजंटानं तीन पर्याय दिलेत: खिडकी नसलेली चौघांची एक केबिन, समुद्र दिसणारी चौघांची एक केबिन, नाहीतर खिडकी नसलेल्या दोन केबिन. बाल्कनीवालीही आहे म्हणाला, पण ती महाग. हे म्हणतात, ‘दोन रात्रींचा तर प्रश्न आहे, एकजण खाली अंथरूण टाकून झोपेल.’ मी मात्र फोटोत छताला लागलेल्या खाटा बघितल्या तेव्हापासून धास्तावलेय. मुलगी अजून कधीकधी रात्री अंथरूण ओलं करते, ती काळजी वेगळीच. काय घ्यावं?
— एक वाचक, खानापूर

उत्तर:

ताई,

आधी उत्तर सांगते, मग कारणं. शेजारशेजारच्या दोन केबिन घ्या. खिडकी नसली तरी चालेल. समुद्र बघायला वरचा डेक आहे, जेवणाच्या हॉलच्या काचा आहेत, हव्या तितक्या खुर्च्या आहेत. केबिनमध्ये आपण जातो ते झोपायला, अंघोळीला आणि कपडे बदलायला. तेव्हा खिडकीसाठी मोजायचे पैसे खाटांसाठी मोजा.

एजंट ‘फोर-शेअरिंग’ म्हणतो तेव्हा तो एवढंच सांगत असतो, की त्या केबिनमध्ये चार माणसं ठेवायला परवानगी आहे. त्या चौघांत म्हातारं कोण, लहान कोण, शिडी कोणाला चढवते, याचा त्या आकड्याशी काही संबंध नसतो. अशा केबिनची रचना बहुतेक ठिकाणी एकच: खाली दोन सिंगल खाटा आणि वर भिंतीत किंवा छतात बसवलेल्या दोन घडीच्या बर्थ. यांना पुलमन बेड म्हणतात. दिवसा त्या बंद असतात, नीट बघितलं नाही तर कळतही नाहीत. संध्याकाळी तुम्ही जेवायला गेलात की केबिन आवरणारा स्टुअर्ड येतो, बर्थ ओढून लॉक करतो, चादर-उशी घालतो आणि एक शिडी अडकवून जातो. रेल्वेची अपर बर्थ डोळ्यांसमोर आणा, अंदाज येईल. गादी त्याहून बरी असते, पण उठून बसलं की डोकं छताला लागतं आणि उतरायचं ते अंधारात, शिडीची पायरी पायानं चाचपत.

आता तुमची चार माणसं या खाटांवर झोपवून बघूया. सासूबाई वर चढणार नाहीत, त्यावर बोलायलाच नको. मुलीलाही वर ठेवायचं नाही. सहा वर्षांखालच्या मुलांना वरच्या बंकवर झोपवू नये असं अमेरिकेचा ग्राहक सुरक्षा आयोग घरातल्या खाटांबद्दलसुद्धा सांगतो; इथे तर खाट जहाजाबरोबर हलणारी. म्हणजे वर जाणार तुम्ही आणि तुमचे यजमान. खाली आजी एका खाटेवर, चार वर्षांची पोर दुसऱ्या खाटेवर एकटी. रात्री दोन वाजता ती जागी झाली की आईला हाक मारणार. तुम्ही शिडीवरून उतरणार, तेवढ्यात सासूबाई बाथरूमला उठलेल्या, आणि दोन खाटांच्या मधली वाट कशीबशी एका माणसाची. त्यात शिडी. अशा ठिकाणी म्हातारं माणूस पडतं, ताई, आणि अडुसष्टाव्या वर्षी पडणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

खालच्या दोन खाटा जोडून तिथे आजी, नात आणि तुम्ही झोपाल असंही मनात आलं असेल. वरच्या बर्थ उघडायच्या तर खालच्या खाटा बहुतेक केबिनमध्ये वेगळ्याच ठेवाव्या लागतात. एजंटाला हे स्पष्ट विचारा. ‘बघू, तिथे ॲडजस्ट होईल’ हे उत्तर घेऊ नका.

यजमान म्हणतात ते खाली अंथरूण टाकायचं. त्यांचं म्हणणं चुकीच्या ठिकाणाहून आलेलं नाही. आपल्याकडे लग्नघर असो, जत्रा असो, पाहुणे आले की सतरंज्या-गाद्या पसरतात आणि वीस माणसं सुखानं झोपतात. पण त्याला मोकळी जमीन लागते. जुन्या जहाजांवरची खिडकी नसलेली केबिन बाथरूम धरून एकशेदहा-एकशेवीस चौरस फुटांच्या आसपास असते. म्हणजे घरातली दहा बाय बाराची खोली घ्या, त्यातच बाथरूम, कपाट आणि दोन खाटा बसवा. उरते ती दारापर्यंतची वाट. त्या वाटेवर अंथरूण घालून झोपलेलं जहाजावर चालत नाही, कारण आग लागली, धूर झाला, तर माणसं त्याच वाटेनं बाहेर काढायची असतात. आणि वाटेवर झोपलेल्या माणसाला ओलांडून सासूबाई बाथरूमला जाणार कशा?

जागा इतकी कमी का, हे समजलं तर निवड सोपी होईल. मुंबई-गोवा फेऱ्या करत आलेलं, कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० सालचं आहे. रॉयल कॅरिबियन कंपनीसाठी ते ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावानं बांधलं गेलं आणि २०२१ पासून ते कॉर्डेलियाकडून आपल्या किनाऱ्यावर फिरू लागलं. त्या काळात तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठी बांधलेल्या जहाजांत केबिन लहान ठेवायची आणि बाकीची जागा मोठी करायची, अशी पद्धत होती. बाल्कन्याही थोड्याच. सिंगापूरहून सुटणारी नव्या बांधणीची जहाजं वेगळी: केबिन ऐसपैस, सोफा ओढला की त्याची खाट होते, बाल्कन्यांच्या रांगाच्या रांगा. लोक मोबाइलवर व्हिडिओ बघतात ते त्या जहाजांचे आणि बुकिंग करतात ते या जहाजाचं. म्हणून एजंटाकडून तुमच्याच जहाजाच्या, तुमच्याच प्रकारच्या केबिनचा फोटो मागवा, आणि तोही रात्री बर्थ उघडल्यावरचा.

पैशाचं गणित असं असतं. केबिनमधले पहिले दोघे पूर्ण भाडं देतात, तिसऱ्या-चौथ्याला सवलत मिळते. कर आणि सेवाशुल्क माणशी लागतात. त्यामुळे चौघांची एक केबिन स्वस्त दिसते. दोन केबिन घेतल्या की चौघेही ‘पहिले दोघे’ होतात, सवलत जाते. पण प्रत्येक केबिनमध्ये दोन माणसं असल्यानं एकट्याला पडणारा जादा आकार तरी लागत नाही. सगळे कर धरून एकूण रक्कम लिहून मागा: खिडकीवाली चौघांची एक, आणि बिनखिडकीच्या दोन. दोन्हींतला फरक तुम्हाला वाटतोय तितका नसण्याची शक्यता बरीच आहे. शिवाय दोन केबिन म्हणजे दोन बाथरूम. सकाळी चौघांच्या अंघोळी, त्यात एक लहान, एक गुडघेदुखीवाल्या, आणि खाली नाश्त्याची वेळ टळत चाललेली; दुसरं बाथरूम तेव्हा खरं उपयोगी पडतं.

बाल्कनी या खेपेला सोडा. चार वर्षांचं मूल खुर्ची ओढून कठड्याशी नेतं. तुम्ही दोन दिवस बाल्कनीच्या दाराकडेच बघत बसाल.

दोन केबिनमध्ये माणसं कशी वाटायची? तुम्ही आणि मुलगी एकीत, सासूबाई आणि त्यांचा मुलगा दुसरीत. तुमच्या केबिनमध्ये खालच्या दोन्ही खाटा जोडून घ्या, घरच्या डबल बेडएवढी जागा होते. मुलगी भिंतीकडे, तुम्ही वाटेकडे. दुसऱ्या केबिनमध्ये खाटा वेगळ्या ठेवा आणि बाथरूमच्या जवळची सासूबाईंना द्या. रात्री उठल्यावर हाताला धरायला स्वतःचा मुलगा जवळ असला की त्यांना संकोचही होणार नाही. नात आजीलाच बिलगून झोपते म्हणून त्या दोघींना एकत्र आणि तुम्ही दोघं वेगळे, असं मात्र करू नका. जहाज थोडंसं डुललं तरी त्या केबिनमध्ये सावरायला धडधाकट माणूस हवंच.

आतून दार असलेल्या जोडकेबिन मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. त्या मोजक्याच असतात आणि लवकर जातात. नाही मिळाल्या तर लागून किंवा पॅसेजच्या समोरासमोर घ्या. बुकिंग करतानाच दोन्ही केबिनची बुकिंगं एकाच कुटुंबाची म्हणून एकमेकांशी जोडून नोंदवून घ्यायला सांगा. कागदावर प्रत्येक केबिनमध्ये एक मोठं माणूस दाखवावंच लागतं. जहाजावर पोचल्यावर रिसेप्शनला सांगून दोन्ही दारांची किल्ली तुम्हा दोघांकडे ठेवा. एका केबिनमधून दुसरीत आतल्या फोननं बोलता येतं. त्याचा नंबर कसा फिरवायचा ते सासूबाईंना पहिल्याच दिवशी एकदा करून दाखवा.

आणि बजेट एकाच केबिनचं असेल, काही केल्या ताणत नसेल, तरीही मार्ग आहे. खालची एक खाट सासूबाईंना, दुसरीवर तुम्ही आणि मुलगी, वर फक्त यजमान. एकच बर्थ उघडायला सांगा, दुसरी बंदच राहू द्या. सिंगल खाटेवर चार वर्षांच्या मुलीबरोबर दोन रात्री अंग चोरून झोपावं लागेल, पण शिडी एकच राहील आणि पोर तुमच्या कुशीत असेल. वरच्या बर्थला वजनाची मर्यादा असते, तीही विचारून घ्या.

केबिन जहाजात कुठे आहे, हे मी खिडकीपेक्षा महत्त्वाचं मानते. पुढचं टोक लाटेवर वर-खाली होतं, मागच्या टोकाला इंजिनाची थरथर पोचते. मध्यभाग आणि खालचे मजले सगळ्यांत शांत. केबिन लिफ्टपासून आठ-दहा दारांच्या आत असावी म्हणजे सासूबाईंना चालायला लागणार नाही, पण लिफ्टच्या तोंडावर नको. रात्री उशिरापर्यंत तिथे माणसांची ये-जा असते. डेक प्लॅन म्हणजे मजल्याचा नकाशा. तो मागून घ्या आणि तुमच्या केबिनच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावर काय आहे ते बघा. वर-खाली केबिनच असल्या तर उत्तम. वर स्वयंपाकघर आलं तर पहाटे गाड्या ओढल्याचा आवाज येतो, खाली डिस्को आला तर मध्यरात्रीपर्यंत धडधड.

यासाठी केबिनचा नंबर हातात हवा. काही एजंट ‘गॅरंटी केबिन’ विकतात. त्यात प्रकार ठरलेला असतो, पण नंबर कंपनी नंतर देईल तो. भाडं जरा कमी पडतं, दोघं तरुण असतील तर खुशाल घ्यावी. तुम्ही घेऊ नका, कारण त्यात दोन केबिन दोन वेगळ्या मजल्यांवर येऊ शकतात. आधी नंबर, मग पैसे.

बुकिंग लांबवू नका, त्याला आणखी एक कारण आहे. जहाजावरच्या प्रत्येक माणसासाठी लाइफबोटीत किंवा तराफ्यावर जागा धरलेली असते, तान्हं बाळसुद्धा एक माणूस. त्या त्या भागातल्या बोटीची माणसं भरली की केबिनमध्ये तिसरी-चौथी बर्थ रिकामी असूनही ती विकत नाहीत. ‘काल होती, आज नाही’ असं एजंट सांगतो तेव्हा तो फसवत असतोच असं नाही.

आपल्याकडे कर्नाटकात शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रात ती दिवाळीला. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजावर पुण्या-मुंबईच्या घरांची झुंबड दिवाळीला उडते. दसऱ्याच्या आठवड्यात, त्यातही शनिवार-रविवार टाळला, तर जोडकेबिन मिळण्याची आशा जास्त. सीमेवर राहण्याचा हा एक फायदा आहे, तो घ्या. पावसाळा नुकताच सरलेला असल्यानं समुद्र कधीकधी थोडा खवळलेला असू शकतो, म्हणून सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी आधीच घेऊन ठेवा. त्यांची रक्तदाबाची वगैरे औषधं चालू असतील तर दुकानातून परस्पर आणलेली गोळी देऊ नका. जाताना बेळगावहून रात्रीच्या बसनं थेट मुंबई गाठून त्याच दिवशी जहाजावर चढण्याचा बेतही नको. घाटात किंवा पुण्याजवळ वाहतूक अडली तर जहाज थांबत नाही. एक दिवस आधी पोचा. काही फेऱ्यांना गोव्याहून, मुरगाव बंदरातून चढता येतं. तशी फेरी मिळाली तर खानापूरकरांना लोंढ्याहून वास्कोची रेल्वे आहे, चोर्ल्याचा घाट आहे, सासूबाईंचे गुडघे दुवा देतील.

खिडकी नसलेल्या केबिनमध्ये दिवा घालवला की मिट्ट काळोख होतो. सकाळ झाली तरी कळत नाही. मुलगी घाबरेल, सासूबाईंना दार सापडणार नाही. बाथरूमचा दिवा चालू ठेवून त्याचं दार बोटभर उघडं ठेवा, किंवा बॅटरीवरचा छोटा दिवा न्या. दोन्ही केबिनसाठी एकेक. बाथरूमच्या दाराला बहुतेक जहाजांत उंच उंबरा असतो. पहिल्या दिवशी उजेडात सासूबाईंना तो दोन-तीनदा ओलांडायला लावा, आतला कठडा कुठे आहे ते हातानं दाखवा. शॉवरची जागा अरुंद असते, बादली-तांब्या मिळेलच असं नाही. प्लॅस्टिकचा एक मग बॅगेत टाका. संडासात पाणी हवेच्या दाबानं ओढलं जातं, मोठा फस्सकन आवाज होतो. मुलं त्या आवाजाला दचकतात आणि मग जायलाच तयार होत नाहीत. झाकण बंद करून मगच बटण दाबा. सासूबाई गुडघ्यांमुळे घरात काठी धरून चालत असतील तर रुंद दाराची, उंबरा नसलेली केबिन मागून बघा. अशा केबिन गरजवंतांसाठीच राखलेल्या असतात, मागायला लाजू नका.

सासूबाई रोज देवापुढे दिवा लावत असतील तर त्यांना घरूनच सांगून ठेवा की जहाजावर निरांजन, उदबत्ती, काडेपेटी काहीच चालत नाही. आगीची भीती समुद्रावर सगळ्यांत मोठी. पाणी तापवायची कॉइल, इलेक्ट्रिक किटली, इस्त्रीही तपासणीत काढून घेतात. बॅटरीची पणती चालते. त्यांना ती आधी घरी दोन दिवस वापरू द्या म्हणजे ऐन वेळी मन खट्टू होणार नाही.

केबिनमध्ये शिरलात की कपाट उघडून लाइफजॅकेट मोजा. मुलीच्या मापाचं नसेल तर स्टुअर्डकडून लगेच मागून घ्या. त्यानंतर सुरक्षेचं प्रात्यक्षिक होतं. इटलीजवळ २०१२ साली कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडलं, ३२ माणसं गेली, आणि काही प्रवाशांचं प्रात्यक्षिक तोवर झालेलंच नव्हतं. २०१५ पासून नियमच झाला, की नव्यानं चढलेल्या प्रवाशांचं प्रात्यक्षिक जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर व्हायलाच हवं. गुडघे दुखतात म्हणून सासूबाईंना केबिनमध्ये बसवून ठेवू नका. जमायची जागा कोणती, लिफ्ट बंद असेल तेव्हा जिना कुठला, हे त्यांनाही कळू द्या. दोन्ही केबिनची जमायची जागा एकच आहे ना, तेही तिथेच विचारून घ्या.

राहिली मुलीची गोष्ट. पाळण्यातल्या बाळांसाठी मिळतं तसलं रबरी शीट घरून न्या, तिच्या बाजूच्या खाटेवर चादरीखाली घाला, आणि त्यावर तुमच्या घरचं एक जुनं मऊ धोतर किंवा पातळ. खाटा जोडलेल्या असल्या तरी गाद्या दोन वेगळ्या असतात, मधल्या फटीवर घडी केलेली चादर ठेवा म्हणजे ती फटीत जाणार नाही. स्टुअर्डला पहिल्या संध्याकाळीच सांगा, दोन जादा चादरी ठेव म्हणून. त्याच्यासाठी हे रोजचंच काम आहे, तो चेहराही बदलणार नाही. नव्या जागी, नव्या आवाजात अंथरूण ओलं होण्याची शक्यता थोडी जास्तच; तेव्हा संध्याकाळी सरबत आणि आइस्क्रीम बेतानं, झोपण्याआधी एकदा बाथरूम, आणि आजीसमोर, बाबांसमोर त्याचा उल्लेखसुद्धा नाही. तुमची केबिन तुमची आणि तिची असेल तर पहाटे दोघी मिळून चादर बदलाल, कोणाला कळायचंही नाही.